पाय गेल्यानंतरची कागदपत्रे आणि मी

डिसेंबर 2022 मध्ये अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे झालेल्या अपघातात माझा डावा पाय ट्रकच्या चाकाखाली आला आणि आठवडाभरात तो गुडघ्याखाली कापावा लागला. मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत पाचवी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. तेव्हा माझे वय 39 होते. रुग्णालयात पडल्यापडल्या मी मोबाइलवर शोधत असे की पाय गेल्यानंतर पुढे नेमके काय करायचे असते, कोणत्या कार्यालयात जायचे असते आणि किती खर्च येतो. जे सापडे त्यात बहुतेक जिद्दीच्या कहाण्या असत. कोणी शिखर सर केलेले, कोणी पदक मिळवलेले. मला शिखर चढायचे नव्हते, मला कोणाच्या मदतीशिवाय बाथरूमपर्यंत जायचे होते. तेव्हा मला जे वाचायला मिळाले नाही, ते आता लिहून ठेवत आहे.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही मीच केली. यजमानांनी कागद हातात घेतला होता, पण त्यांना तो वाचवेना. शल्यचिकित्सकांनी शांतपणे सांगितले की रक्तपुरवठा परत येण्याची शक्यता उरलेली नाही आणि उशीर झाला तर संसर्ग वर चढून गुडघाही जाईल. गुडघा वाचणे किती मोठी गोष्ट असते हे मला तेव्हा कळले नाही. गुडघा स्वतःचा असेल तर कृत्रिम पायाने चालायला लागणारी ताकद मांडीतून पाय गेलेल्यांच्या तुलनेत बरीच कमी असते, जिना चढता येतो, बसता-उठता येते. पुढे ज्यांचा गुडघा गेला आहे अशा माणसांबरोबर व्यायाम करताना त्या सहीचे मोल समजले.

खाजगी रुग्णालयाचे बिल सुमारे 4 लाख 10 हजार झाले. आरोग्य विम्यातून 3 लाख मिळाले, उरलेले भावाने आणि आम्ही मिळून भरले. आता परिस्थिती थोडी बदलली आहे. मे 2025 पासून रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारची दीड लाख रुपयांपर्यंतची, पहिल्या सात दिवसांची रोकडविरहित उपचार योजना लागू आहे, तिची चौकशी दाखल होतानाच करावी. सुट्टी होताना माझ्या वहिनीने एक गोष्ट फार शहाणपणाने केली. तिने डिस्चार्ज समरी, शस्त्रक्रियेची टिपणे, सगळे एक्स-रे, एमएलसी क्रमांक (पोलिसांशी संबंधित प्रकरण म्हणून रुग्णालयात होणाऱ्या नोंदीचा क्रमांक) आणि औषधांची मूळ बिले तिथेच मागून घेतली आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवला. पुढच्या तीन वर्षांत यातला एकही कागद वाया गेला नाही. एफआयआरची प्रत आणि घटनास्थळाचा पंचनामा भावाने पोलीस ठाण्यातून आणला.

घरी आल्यावरचे पहिले दोन महिने सर्वांत वाईट होते. स्टंपला, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाला, क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे गुंडाळावे लागते. खाली टोकाशी घट्ट आणि वर गुडघ्याकडे सैल. ते उलटे झाले, म्हणजे वर घट्ट आणि खाली सैल बसले, तर टोक सुजते आणि पुढे सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप आत बसतो तो साचा, नीट बसत नाही. फिजिओथेरपिस्ट घरी येत असत, एका वेळेचे 500 रुपये घेत. त्यांनी बजावून ठेवले होते की कितीही बरे वाटले तरी गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कारण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला तर कृत्रिम पाय लावूनही सरळ चालता येत नाही. दिवसातून थोडा वेळ पालथे झोपायचे, स्टंपला आधी कापसाने, मग सुती फडक्याने, मग खरखरीत टॉवेलने घासायचे, म्हणजे तिथली कातडी स्पर्शाला सरावते. घासण्यासाठी त्याच्याकडे बघावे लागे. मी बराच काळ छताकडे बघून घासत असे.

नसलेला पाय दुखतो हे कोणाला सांगावे असा प्रश्न पडे. रात्री डाव्या अंगठ्यात पेटका येई, तळव्याला खाज सुटे, आणि हात खाली नेला की तिथे चादर. सासूबाईंना वाटे माझ्या डोक्यावर परिणाम झाला. याला फँटम वेदना म्हणतात आणि अवयव कापलेल्या बहुसंख्य माणसांना ती कमीअधिक प्रमाणात होते, हे फिजिओथेरपिस्टनी सासूबाईंना समोर बसवून सांगितले तेव्हा घरातले वातावरण निवळले. त्यावर औषधे असतात, ती डॉक्टरांनी दिली. शिवाय आरशाचा उपाय केला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा असा धरायचा की उजव्या पायाचे प्रतिबिंब डाव्याच्या जागी दिसेल, आणि मग उजवा पाय हळूहळू हलवायचा. मेंदूतज्ज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली ही पद्धत सगळ्यांना लागू पडतेच असे नाही, पण मला तिने पेटक्यापुरता तरी आराम दिला. महालातल्या काचेच्या दुकानातून आणलेल्या आरशाला 350 रुपये पडले.

भेटायला येणाऱ्यांविषयी मी थोडक्यातच लिहिते. 'जीव वाचला हे काय कमी आहे' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले की पुढे पुढे पाहुणा दारात दिसला की मी मनात तेच वाक्य आधी म्हणून टाकत असे. वाक्य खोटे नाही. ते ऐकल्यावर रडण्याची सोय मात्र उरत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये माझ्या लक्षात आले की जखम भरत असली तरी मी बिघडत चालले आहे. रिंग रोडवरून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकला की तळहात घामेजत, एअर ब्रेकचा फुस्स आवाज स्वप्नात येई, आणि गाडीत बसायचे म्हटले की उलटीची भावना होई. फिजिओथेरपिस्टनीच मनोविकारतज्ज्ञांचे नाव सुचवले. पहिल्या भेटीचे 1,000 रुपये आणि त्यानंतर समुपदेशक ताईंच्या प्रत्येक सत्राचे 800 रुपये असा खर्च होता. ज्यांना तो परवडत नाही किंवा घराबाहेर पडणे जमत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चालते. माझ्या कागदावर आघातोत्तर ताण असे निदान लिहिले गेले. मला वाटले होते की तिथे मला धीर देतील. तसे फारसे झाले नाही. ताईंनी मला अपघाताचा प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायला लावला, आणि घरी करायची एक यादी दिली. आधी खिडकीत बसून ट्रकचे आवाज ऐकायचे, मग रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे, मग मोटारीतून थोडे अंतर जायचे, आणि शेवटी वाडीच्या त्या जागेवरून जायचे. प्रत्येक पायरीवर भीती शंभरपैकी किती, ते वहीत लिहायचे. गणिताची शिक्षिका असल्यामुळे असेल, पण भीतीला आकडा मिळाला की ती मला हाताळता येऊ लागली. वाडीवरून प्रत्यक्ष जाईपर्यंत जून उजाडला.

एप्रिलच्या सुरुवातीला जखम पूर्ण भरली आणि मोजमाप घेतले गेले. माझा पहिला पाय एका शिबिरात मोफत मिळालेला जयपूर फूट होता. 1968 मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला, आणि आपल्याकडच्या राहणीचा विचार त्यात आहे. अनवाणी चालता येते, ओल्या फरशीवर पाय ठेवता येतो, जमिनीवर बसता येते. पहिला पाय महागडा घेण्याच्या मी विरुद्ध आहे, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. पहिल्या वर्षात स्टंप सतत आक्रसत जातो, त्यामुळे सुरुवातीचा सॉकेट काही महिन्यांतच सैल होतो आणि आत मोजे वाढवत न्यावे लागतात. एका खाजगी केंद्राने मला सुरुवातीलाच सव्वादोन लाखांचा पाय सुचवला होता; तो घेतला असता तर वर्षभरात त्याचा सॉकेट फेकावा लागला असता.

समांतर दांड्यांच्या मध्ये पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आनंद वगैरे झाला नाही, दुखले. शरीराचे वजन स्टंपच्या टोकावर पडत नाही, ते गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूबंधावर आणि बाजूंवर घेतले जाते, आणि त्या जागांना याची सवय नसते. पाय बसवणारे दादा अस्सल नागपुरी होते. मी दांड्या सोडायला तयार नव्हते, तर ते म्हणाले, "काऊन घाबरून राहिल्या मॅडम? पडसान तं मी हाओ न इथं." मी दांड्या सोडल्या आणि पडलेही, ते खरोखरच तिथे होते.

चपलेची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगते. कृत्रिम पायाचा घोटा वाकत नाही, तो एका ठरावीक उंचीच्या टाचेला जुळवून बसवलेला असतो. त्यापेक्षा उंच टाचेचे पादत्राण घातले की सगळे शरीर पुढे ढकलले जाते, सपाट घातले की मागे. मापाला जाताना नेहमी वापरायची चप्पल सोबत न्यावी आणि पुढे घेतलेली प्रत्येक जोडी तेवढ्याच टाचेची घ्यावी. मागून पट्टा नसेल तर चप्पल निघून जाते आणि ती निघाल्याचे कळतही नाही, कारण त्या पायाला काही कळतच नाही. सीताबर्डीच्या दुकानात मी पट्टी घेऊन टाचा मोजत बसले तेव्हा दुकानातला मुलगा आधी गोंधळला, आणि कारण समजल्यावर त्याने आपणहून मागच्या खोलीतून शूहॉर्न आणून दिला. रबरी पाऊल बुटात सरकवायला तो लागतोच. त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये एक असतो.

आणि नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना सॉकेटच्या आत घाम साचतो, कातडी मऊ पडते, फोड येतात, आणि फोड आला की तो बरा होईपर्यंत पाय बाजूला ठेवून कुबड्या घ्याव्या लागतात. जास्तीचे सुती मोजे जवळ ठेवणे, दुपारी पाय काढून स्टंप कोरडा करणे, रात्री लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचे मऊ आवरण, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवणे, एवढे पाळले तर निभते. उन्हात वाळवला तर लायनर कडक होतो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला घरातून विरोध होता. सासरे म्हणाले, "एकदा कागदावर लिहिलं की लिहिलं." मलाही ते ऐकून क्षणभर पटले, कारण कागद नसेल तोवर हे सगळे तात्पुरते आहे असे वाटण्याची मुभा होती. पण अपघाताच्या भरपाईसाठी न्यायाधिकरणात दावा दाखल करायचा होता आणि शाळेतही विचारणा होऊ लागली होती. मे 2023 मध्ये मी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला. जून 2021 पासून हे प्रमाणपत्र देशभर याच पोर्टलवरून, ऑनलाइनच मिळते. आधार कार्ड, फोटो, सही आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, तपासणीसाठी शासकीय रुग्णालय निवडायचे, आणि मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवायचा. अर्जाला शुल्क नाही. नियमाप्रमाणे तेव्हा महिनाभरात निर्णय अपेक्षित होता (2024 च्या दुरुस्तीनंतर ही मुदत तीन महिने झाली आहे). माझे प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये आले. मधल्या काळात एकदा तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाचे अस्थिरोगतज्ज्ञ रजेवर होते, एकदा सर्व्हर बंद होता. रांगेतली बाके अरुंद आणि पंखा लांब असतो, म्हणून सकाळी लवकर जावे, पाणी आणि कोरडे मोजे सोबत न्यावेत, आणि मूळ कागद दाखवून छायांकित प्रती द्याव्यात. मूळ कागद कोणाच्याही टेबलावर सोडू नये.

तपासणी पाच मिनिटांची होती. डॉक्टरांनी टेपने स्टंपची लांबी मोजली, आकडा मोठ्याने सांगितला आणि शेजारच्या लिपिकाने तो लिहून घेतला. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पाय कोणत्या पातळीवर कापला आहे त्यानुसार टक्के ठरलेले असतात. माझ्या प्रमाणपत्रावर 60 टक्के, कायमस्वरूपी, असे आले. ते मोबाइलवर उघडले तेव्हा मी मेट्रोत होते, आणि सीताबर्डीला गाडी बदलायची होती ती बदलता आली नाही, फलाटावर बसून राहिले. शस्त्रक्रियेनंतर रडले नव्हते इतकी रडले. दुःख कशाचे होते ते मला आता नीट सांगता येते. मी अजून वाट बघत होते, आणि त्या कागदाने वाट बघणे थांबवले. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा स्टंपकडे न टाळता पाहिले. टाक्यांची रेघ थोडी वाकडी आहे आणि डाव्या बाजूला एक खळगा आहे. एवढेच.

40 टक्क्यांच्या वरच्या प्रमाणपत्राने काय मिळते तेही सांगते. महाराष्ट्रात व्यवसाय करातून सूट मिळते, म्हणजे वर्षाचे 2,500 रुपये वाचतात. शाळेने प्रमाणपत्राची प्रत घेऊन शालार्थ या पगाराच्या प्रणालीतली कपात थांबवली. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत मला कलम 80यू खाली 75,000 रुपयांची वजावट मिळाली, नव्या पद्धतीत ती नाही. एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत मात्र सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी असते आणि त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र लागते. एका ओळखीच्या गृहस्थांनी 'तसे लिहून घेऊ' असे सुचवले. मी एकटी वर्ध्याला जाऊन येते, तेव्हा तसे लिहून घेण्याचा प्रश्न नव्हता.

शाळेकडून मला आडून आडून स्वेच्छानिवृत्तीचे सुचवले जात होते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळा तळमजल्यावर, 'तुमचेच हाल होतील' अशी काळजीची भाषा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20(4) प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला सेवेतून काढता किंवा पदावनत करता येत नाही, आणि अधिनियमाच्या व्याख्येत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. मी भांडले नाही. कलमाचा उल्लेख करून एक पानाचा अर्ज लिहिला, त्यात तळमजल्यावरचे वर्ग, फळ्यापाशी खुर्ची आणि मधल्या सुट्टीत पाय काढून बसता येईल अशी बंद होणारी खोली, एवढ्याच गोष्टी मागितल्या, आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. तोंडी मागितले असते तर ती मेहरबानी झाली असती आणि मेहरबानीची परतफेड मागितली गेली असती, असे माझे स्पष्ट मत आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मी वैद्यकीय रजा संपवून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रुजू झाले. तळमजल्यावरचे वर्ग मिळाले, खोली मिळायला दिवाळी उलटली.

सहावीच्या मुलांनी पहिल्याच तासाला साडीच्या काठाखालून दिसणाऱ्या पावलाकडे पाहिले. तरफेचा धडा पुढे होता, तो मी आधी घेतला आणि माझ्याच पायावर शिकवला: टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे. एका मुलीने विचारले, "मॅडम, हा पाय झोपताना काढता का?" मी हो म्हटले. मोठ्या माणसांनी हा प्रश्न आजवर विचारलेला नाही, त्यांना सगळ्यांना विचारायचा असतो.

2024 च्या मार्चमध्ये स्टंपचा आकार स्थिरावल्यावर मी खाजगी कार्यशाळेतून 92,000 रुपयांचा दुसरा पाय घेतला, सिलिकॉन लायनर आणि पिनच्या कुलपाचा. त्यावर कातडीच्या रंगाचे फोमचे आवरण बसवतात. ते आवरण मी नको म्हणाले. एक तर त्याचे वेगळे पैसे, दुसरे म्हणजे पावसाळ्यात ते पाणी धरते, आणि तिसरे असे की तोवर मला लपवण्याचा कंटाळा आला होता. घरात आता मी गाऊनखाली धातूची नळी घेऊन फिरते आणि सासूबाई तिच्यावरची धूळ पुसून देतात.

दाव्याचे काम या सगळ्याच्या समांतर चालू होते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 166 खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा अशी 2022 पासून तरतूद आहे, म्हणून आम्ही मे 2023 मध्येच सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात तो दाखल केला. पहिल्या वकिलांनी मिळणाऱ्या रकमेतले 20 टक्के मागितले होते. निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. आम्ही ठरावीक शुल्क लेखी ठरवणारे दुसरे वकील केले. तारखा पडत राहिल्या. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते, आणि त्यांना वेळ मिळेपर्यंत काही महिने गेले.

उलटतपासणी 2024 च्या डिसेंबरमध्ये झाली. ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी अतिशय सभ्यपणे विचारले की आपण नोकरी करता, आपला पगार पूर्ण मिळतो, आपण इथे कोणाच्या आधाराशिवाय चालत आलात, हे खरे आहे काय. सगळ्यांची उत्तरे 'होय' होती. मी दोन वर्षे ज्या गोष्टींसाठी धडपडले होते, त्या एकेक करून माझ्या दाव्याविरुद्ध नोंदवल्या जात होत्या. क्षणभर वाटले की लंगडत यायला हवे होते, कुबडी आणायला हवी होती. आमच्या वकिलांनी आधीच सांगून ठेवले होते की खरे तेवढेच सांगा, कमीही नको आणि जास्तही नको. मी म्हणाले की मी चालते, आणि चालण्यासाठी मला रोज सकाळी अर्धा तास, वर्षाला एक लायनर, दर काही वर्षांनी एक पाय आणि उन्हाळ्यात फोडांसाठी रजा लागते. पूर्वी यातले काहीही लागत नव्हते. न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला शब्दशः सांगितले. माझे चालणे आणि माझे नुकसान ही दोन्ही विधाने एकाच पानावर, एकाखाली एक टंकलेली आहेत. मी त्या पानाची प्रमाणित प्रत घेतली आहे. समुपदेशक ताईंना ती दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या की आता सत्रे महिन्याऐवजी तीन महिन्यांनी ठेवू.

निकाल ऑगस्ट 2025 मध्ये लागला. प्रमाणपत्रावरचे टक्के म्हणजेच कमाईतली घट असे न्यायालय धरत नाही. व्यवसायावर प्रत्यक्ष किती परिणाम झाला ते पाहायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सांगितले आहे. माझी नोकरी टिकल्यामुळे ती घट कमी धरली गेली आणि 39 या वयाला लागू होणारा 15 हा गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा) लावला गेला. पण कृत्रिम पाय पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, हा खर्च वेगळा मंजूर झाला. त्यासाठी आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2022 मधील मोहम्मद साबीर प्रकरणाचा आधार घेतला होता, आणि मी दोन्ही पायांच्या, लायनरच्या आणि मोज्यांच्या पावत्या तारखेनुसार लावून दिल्या होत्या. पाच-पन्नास रुपयांच्या मोज्यांच्या पावत्याही ठेवाव्यात. एकूण सुमारे 21 लाख 40 हजार आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज, असा आदेश झाला. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 90 दिवसांची असते, ती संपेपर्यंत आम्ही कोणालाही रक्कम सांगितली नाही. अपील झाले नाही. कंपनीने डिसेंबरमध्ये रक्कम जमा केली, त्यातला मोठा भाग न्यायाधिकरणाच्या आदेशाने मुदत ठेवीत आहे आणि त्याचे व्याज तिमाहीला खात्यात येते. पहिल्या व्याजातून लायनर घेतले, या वेळी दोन, कारण मे महिन्यात एक वाळत असताना दुसरा घालायला लागतो.